पाटी कोणी धरायची

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तिला आधी सगळे कॅप्टन म्हणत. मग तिची धाकटी बहीण त्याच कॉलेजात दाखल झाली आणि पहिल्याच दिवशी अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत शिरत सगळ्यांसमोर ओरडली, "ताई, डबा विसरलीस!" झालं. दुसऱ्या दिवसापासून पोरं ताई म्हणायला लागली. पुढच्या आठवड्यात तर सरसुद्धा म्हणाले, "ताई, मागच्या दांड्याचं वेल्डिंग झालं का?" कॅप्टनपद कुणी काढून घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथं नुसती हाक बदलली होती, आणि हाकेसाठी भांडायला गेलं की आपलंच हसं होतं.

तेव्हा आपणही तिला ताईच म्हणू. तिला आवडणार नाही, पण आता ते नाव तिला चिकटलंय.

धाकटीला घरी बारकी म्हणत, आणि ते नावही तिच्यासोबत वर्कशॉपमध्ये आलं. ताईच्या खांद्याला लागेल एवढी उंची, बडबड मात्र दोघींच्या वाटणीची. आल्याआल्या तिनं कुणी न सांगता ग्रीसचे डबे पुसले, लेथखालचा कीस झाडला आणि सगळ्यांची मनं खिशात टाकली. टीममध्ये पाना नावाचा एक उंच पोरगा होता. मागच्या खिशात कायम पाना खोचलेला, म्हणून पाना. ताईशी तो कामापलीकडे कधी चार शब्द बोलला नव्हता. तो बारकीला पंधरवड्यात आपल्या घरच्या मांजराच्या गोष्टी सांगू लागला. ताईनं ते पाहिलं आणि हातातला ब्रश जरा जोरातच आपटला.

ही पोरं दरवर्षी एक गाडी स्वतःच्या हातानं बनवत. एकाच माणसाची गाडी; दार नाही, काच नाही, वरून लोखंडी नळ्यांचा पिंजरा, मागे छोटं इंजिन आणि खाली चार जाड खडबडीत चाकं. वर्षाच्या शेवटी अशा सगळ्या कॉलेजांच्या गाड्या एका उजाड टेकडीवर जमत आणि दगड, चिखल, ओंडके तुडवत तासन्‌तास फेऱ्या मारत. ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. टाकी मुद्दामच लहान असे, त्यामुळे मध्यावर गाडी आत घ्यायची, पेट्रोल भरायचं आणि चालक बदलायचा. पहिला चालक गाडी राखतो, दुसरा ती शेवटाला नेतो. झेंडा पडतो तो दुसऱ्यावर, फोटो निघतो तो दुसऱ्याचा, आणि पुढची कित्येक वर्षं वर्कशॉपच्या भिंतीवर चिखलानं माखलेलं हसू झळकतं ते दुसऱ्याचं.

त्या भिंतीवर जायचं, एवढीच ताईची इच्छा होती. पहिल्या वर्षी तिनं नुसते नटबोल्ट धुतले. पुढच्या वर्षी गाडी अर्ध्यात मोडली. त्याच्या पुढच्या वर्षी शेवट एका वरच्या वर्गातल्या मुलानं केला आणि ताईनं टाळ्या वाजवल्या. हे तिचं शेवटचं वर्ष होतं. यंदा शेवट तिचा, हे ठरल्यातच जमा होतं.

आणि मग बारकी आली.

तसं पाहिलं तर या दुखण्याचं मूळ खाणीवर होतं. त्यांचे बाबा दगडाच्या खाणीवर सुपरवायझर होते. त्यांच्याकडे खाणीची एक गाडी असे. उघडीबोडकी, दणकट, मागे हत्यारं टाकायला हौदा. बसलं की हाडं खिळखिळी व्हायची, पण खडी असो, चिखल असो, उभा चढ असो, ती कुठं अडत नसे. सुट्टीच्या दिवशी खाण बंद असली की बाबा मुलींना तिथं चालवायला शिकवत. ताई आधी शिकली, आणि घाम गाळून शिकली. चाक कुठं टाकायचं ते ती आधी खाली उतरून, दगड पायानं चाचपून बघून यायची. बाबा म्हणाले, "शाब्बास. मेहनती आहेस." मग बारकीची पाळी आली. ती बसली, चढ चढून वर गेली, वळवून खाली आली आणि "आता घरी जाऊ या का?" म्हणाली. बाबांनी चढावरच्या चाकांच्या खुणांकडे पाहिलं. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "हिचा हात हलका आहे."

बस्स, एवढंच. पण ताईच्या कानात ते जे जाऊन बसलं ते बाहेर निघालंच नाही. मेहनती ही काय तारीफ झाली? मेहनती तर गाढवही असतं.

चालक ठरवायला सरांनी कॉलेजमागच्या माळावर चाचणी ठेवली. खरं तर ताईच्या जोडीला कोण, एवढाच प्रश्न होता. पाना बसला, त्याचे गुडघे स्टिअरिंगला आपटत होते, त्याला पुरे म्हणून उतरवलं. बारकी पाठीमागे दोन उशा कोंबून बसली. सपाटीवर ताई तिच्या पुढे होती, वळणांवरही पुढे. पण माळाच्या टोकाला दगडांचा एक चढ होता, तिथं ताईची गाडी प्रत्येक दगडाशी हुज्जत घालत वर जाई, आणि बारकीची जणू आधीच ओळख असल्यासारखी त्यांच्यामधून निघून जाई. सरांनी घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"सुरुवात ताई करेल," सर म्हणाले. "शेवट बारकी."

"सर, शेवट मी करणार होते."

"तू गाडी घट्ट धरतेस. सुरुवातीच्या गर्दीत तेच लागतं. शेवटी गाडी थकलेली असते गं, तिला हलका हात लागतो."

सरांनी बाबांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तरी शब्द तेच. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारकी लगबगीनं म्हणाली, "नको सर, ताईलाच द्या ना," आणि त्यानं तर आगीत तेलच पडलं. जिंकायचं ते जिंकायचं, वर आव भोळेपणाचा!

त्या दिवसापासून ताईनं बारकीशी बोलणं टाकलं. एकाच घरात, एकाच खोलीत, दोन खाटांमध्ये हातभर अंतर, आणि बोलणं मात्र आईमार्फत. "आई, तिला म्हणावं माझा टॉवेल घेऊ नको." आई एका शाळेत शिक्षिका, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची भांडणं सोडवून आलेली. ती म्हणे, "मी काय टपाल खातं आहे का? ती बघ, पुढ्यात बसलीय." पुढ्यात बसलेली बारकी टॉवेल घडी करून ताईच्या खाटेवर ठेवी. ती घडीसुद्धा नीट असे. तिनं आपलं काय घोडं मारलंय, असा प्रश्न ताईला अधूनमधून पडायचा, नाही असं नाही. पण उत्तर सापडलं नाही की तिला बारकीचा आणखीच राग यायचा.

गाडीची सीट ताईच्या मापाची होती. बारकीसाठी वेगळा साचा करायला हवा होता, आणि ते काम टीममध्ये एकट्या ताईला जमत असे. सीटमध्ये प्लास्टिकची मोठी पिशवी पसरायची, दोन रसायनं मिसळून तिच्यात ओतायची आणि चालकानं त्यावर गप बसून राहायचं. फेस फुगतो, कमरेच्या खोलगटात शिरतो, पाठीला, मांड्यांना बिलगतो आणि बघता बघता घट्ट होतो. तो साचा मग फक्त त्या एका अंगाचा. चालक बदलला की एक साचा उचलायचा, दुसरा ठेवायचा.

ताई रसायन ढवळत उभी होती. प्रमाण किंचित चुकवलं तर फेस ठिसूळ होतो. कमरेपाशी एक गोळा राहू दिला तर बसल्याबसल्या कळत नाही, पण टेकडीवर तासाभरात पाठ बोलायला लागते. कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. हा विचार तिच्या मनात आला, चांगला पाय पसरून बसला, आणि ताईनं त्याला लगेच उठवलंही नाही.

"ताई, गरम लागतंय गं," बारकी पिंजऱ्यातून म्हणाली. "अजूनही रागावलीयस का?"

"पाना," ताई म्हणाली, "तिला सांग, हलू नको म्हणून."

"अगं, ती तुझ्यासमोरच बसलीय," पाना म्हणाला.

ताईनं बारकीच्या खांद्यांवर दोन्ही हात दाबून तिला बसवून ठेवलं. साचा निघाला तो असा बेतशीर की सरांनी बोट फिरवून बघितलं. दयामाया काही नव्हती. हातातून वाईट काम उतरतच नव्हतं, आणि ताईला त्या क्षणी स्वतःच्या हातांचाही राग आला.

शर्यतीचा दिवस उजाडला. टेकडीच्या पायथ्याशी तंबू, इंजिनांचा गोंगाट, पेट्रोलचा वास, आणि आयोजकांच्या उघड्या दणकट गाड्या, बाबांच्या खाणीवर होती तशाच, बंद पडलेल्यांना ओढून आणायला रांगेत उभ्या. ताई गाडीत शिरली. सरांनी तिच्या हेल्मेटवर टपली मारली. "पाटी दिसली की आत. एकही फेरी जास्त नाही. टाकीत तेवढंच असतं."

पाटीचं गणित ताईलाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं, कारण तो नियम तिचा. पिटच्या, म्हणजे गाडी आत घेऊन थांबवायच्या जागेच्या, अलीकडे एक वळण होतं, तिथं टीमचा एकच माणूस उभा राहू शकत असे. चालकाला आत बोलवायचं असलं की त्यानं "आत ये" लिहिलेली पाटी धरायची. एकदा गर्दीत चालकाला पाटीच सापडली नव्हती, तेव्हा ताईनं ठरवून टाकलं होतं: पाटी धरायची ती पुढं बसणाऱ्यानंच, अंगात पूर्ण पोशाख, डोक्यावर हेल्मेट. आणि जो उतरेल त्यानं मग जाऊन ती पाटी धरायची. हेल्मेटवाला माणूस रस्त्याकडेला पाटी घेऊन उभा दिसला की चुकायचं कारणच उरत नाही.

झेंडा पडला आणि ताईनं गाडी अशी काढली की पाना तंबूत नाचायला लागला. राग हे तसं वाईट इंधन नाही, थोडा वेळ तरी. पहिल्या ओंडक्यावर तिनं दोन गाड्या मागे टाकल्या, चिखलाच्या खड्ड्यात आणखी काही. हात घट्ट तर घट्ट! दगडांच्या चढावर ती दात ओठ खात, आदळत, इंजिन किंचाळवत वर गेली, पण गेली. फेरीमागून फेरी ती वर सरकत राहिली. गाडी तिची होती. तिनं कापलेल्या नळ्या, तिनं जोडलेले सांधे, तिच्या पाठीचा साचा. आयुष्यात काही पूर्णपणे आपलं असतं म्हणजे काय, ते तिला त्या तासात कळलं.

आणि वळणावर बारकी उभी दिसली. हेल्मेट घातलेली, पाटी छातीशी धरलेली. आत ये.

ताईनं तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आत गेलं की उतरायचं, साचा काढून द्यायचा आणि उरलेला जन्म भिंतीवर बारकीचा फोटो बघायचा. अजून एक फेरी निघेल, तिनं स्वतःला समजावलं. टाकीत असेलच तेवढं. ती सरळ पुढं गेली.

पुढच्या वेळी बारकी पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उड्या मारत होती. या खेपेला ताईनं मान दुसरीकडे वळवली.

राग पेट्रोल फार पितो. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, तंबूंपासून सगळ्यांत लांब, इंजिन खोकलं, आचके देऊ लागलं आणि थांबलं. बाकीच्या गाड्या तिच्या अंगावर चिखल उडवत निघून गेल्या. मग आयोजकांची ती दणकट गाडी डुलत डुलत आली, कुणीतरी समोर दोर बांधला, आणि कॅप्टन दोराला बांधलेल्या वासरासारखी सगळ्यांच्या देखत पिटमध्ये आली.

"पाटी दिसली नाही तुला?" सरांचा आवाज चढला होता.

ताईनं तोंड उघडलं. काय बोलणार होती देव जाणे.

"सर, माझी चूक," बारकी वळणावरून धापा टाकत आली होती. "मी पाटी उलटी धरली. कोरी बाजू पुढे आली. घाबरले मी."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

सरांनी कपाळावर हात मारला. भांडायला वेळ नव्हता. पेट्रोल भरलं गेलं, साचा बदलला, बारकी आत सरकली आणि गेली. ताईनं पाटी उचलली. तंबूतून निघताना तिच्या कानावर पानाचं बोलणं पडलं. "पाटी धरता येत नाही आणि निघाल्या गाडी चालवायला. घालवलं सगळं बारकीनं." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणीतरी आणखी कडू बोललं. ताई पाटी काखेत मारून पुढं निघाली.

आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. महिनाभर ज्यांच्या तोंडी बारकीचं कौतुक मावत नव्हतं तीच तोंडं आता तिच्या नावानं बोटं मोडत होती. खापर आपलं होतं आणि फुटत होतं बारकीच्या डोक्यावर, हे ताईला पुरतं ठाऊक होतं. तरी वळणापर्यंत चालत जाताना तिच्या छातीत कितीतरी दिवसांनी थंडावा होता.

तो फार टिकला नाही. बारकी पहिल्या फेरीला आली तेव्हा सगळ्यांत मागे होती. पुढच्या फेरीला तिच्या मागे दोन गाड्या होत्या. मग चार. ताईशेजारी दुसऱ्या कॉलेजांची पोरं आपापल्या पाट्या घेऊन उभी होती. त्यातला एक म्हणाला, "ती बघ, ती बघ, दगडांवर बघ!" दुसरा म्हणाला, "कोण आहे रे ती?" ताई त्यांच्या शेजारी चिखलात उभी होती आणि तिला कुणी विचारलं नाही, तू कोण.

आता ताईला पुढचं सगळं लख्ख दिसायला लागलं. बारकी अशीच वर येणार. टीमची माफी मिळवणार, नुसती माफी नाही, डोक्यावर घेतली जाणार. स्वतःची चूक स्वतःच भरून काढली म्हणून तिच्या गोष्टी सांगितल्या जाणार. आणि चूकसुद्धा तिची नव्हती! गाडी नेली, शेवट नेला, बाबांचं वाक्य नेलं, आणि आता ताईचा गुन्हाही तिनंच नेला. बहिणीच्या पदरात हक्काचं असं काहीच का ठेवू नये एखादीनं? मत्सरानं ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं हेल्मेटखालीच राहू दिलं.

बारकी तिसरी होती तेव्हा ताईला ते चाक दिसलं. मागचं, उजवं. वळणावर ते डोलल्यासारखं झालं. त्या चाकाचा दांडा ताईनं स्वतः वेल्ड केला होता. तिथला सांधा गेला तर चाक निखळतं, आणि दगडांवर चाक निखळलं तर पिंजऱ्यासकट गाडी कोलांट्या खाते. चाक डोलतंय? की ते डोलावं असं आपल्याला वाटतंय? ताईनं स्वतःला विचारलं. पुढच्या फेरीला तिनं डोळे फाडून पाहिलं. पुन्हा डोललं. आता गाडी आत घेतली तर तिसरा नंबर हातचा जाणार. नाही घेतली आणि सांधा खरंच गेला असला तर? आतमध्ये बारकी होती. ताईच्या हातांनी पाटी वर केली तेव्हा त्यांना कुणी सांगितलं, भीतीनं की मत्सरानं, हे ती आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

बारकीनं पाटी पाहिली मात्र, लगेच हात वर करून खूण केली आणि गाडी आत घेतली. एका फेरीचाही हट्ट नाही. क्षणभराचाही नाही.

ताई चिखल तुडवत पिटकडे धावली. पाना गाडीखाली शिरला होता. त्यानं चाक दोन्ही हातांनी गदागदा हलवलं, दांडा चाचपला, सांध्यावर बोट फिरवलं. मग रिमच्या आतून चिखलाचा एक भला मोठा गोळा उपसून काढला आणि ताईच्या पायाशी टाकला.

"चिखल," तो म्हणाला. "एका बाजूला बसला होता, म्हणून डोलत होतं. सांधा ठणठणीत आहे."

बाहेर एकामागून एक गाड्या गेल्या. तिसरा नंबर गेला तो गेलाच. बारकीनं पट्टे सोडले आणि पिंजऱ्यातून बाहेर आली.

"ताई, तू बस," ती म्हणाली. "वेळ आहे अजून थोडा. शेवट तू कर. तुझं वर्ष आहे हे."

सीट रिकामी होती. इंजिन चालू होतं. ताईनं तीन वर्षं जिच्यासाठी बोटं भाजून घेतली ती जागा तिच्यापासून हातभर अंतरावर होती, आणि कुणी अडवत नव्हतं. हो म्हणायला जीभ तयारही झाली होती. मग ती अडली. मोठेपणा म्हणून मुळीच नाही. बारकीनं दिलेल्या जागेवर बसून शेवट केला असता तर तो शेवटही बारकीचाच झाला असता, आणि ते ताईला सहन होण्यासारखं नव्हतं.

"बस खाली," ती म्हणाली. महिनाभरात तिनं बारकीशी बोललेला पहिला शब्द तो. मग ती सरांकडे वळली. "सर, पाटी सरळ होती. दोन्ही वेळा. मी पाहिली होती. मला उतरायचं नव्हतं म्हणून मी पुढं गेले."

पानाच्या हातातला पाना तसाच राहिला.

"आणि आत्ताचं," ताईचा आवाज फाटला, "चाक मला डोलताना दिसलं. पण खरंच भीती वाटली म्हणून बोलावलं की ही पुढं जात होती म्हणून, ते मलाच कळत नाहीये."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. "बारकी, बस," एवढंच ते म्हणाले.

बारकी बसली. ताई खाली वाकून तिचे पट्टे आवळू लागली. पट्टा कडीत जाईना.

"कशाला खोटं बोललीस?" तिनं दातांवर दात ठेवून विचारलं. "मी पाहिलेलं तुला माहीत होतं."

"होतं ना. सरळ माझ्या डोळ्यांत बघून गेलीस."

"मग?"

"माझं कधी काही चुकतच नाही, म्हणून तू बोलत नाहीस ना माझ्याशी?" बारकी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागत होतं, आणि त्यामुळे ते अख्ख्या तंबूला ऐकू गेलं. "म्हटलं, माझ्या नावावर पण एखादी मोठी चूक पडू दे. मग तरी बोलशील."

पट्टा कडीत बसला. बारकी गेली.

नंबर आला तो सांगण्यासारखा नव्हता. ताई पुन्हा वळणावर गेली, कारण पाटी धरायची पाळी तिचीच होती, नियमही तिचाच. ती उरलेल्या फेऱ्या नुसती बघत राहिली. आता कुणाला फसवायचं नव्हतं, त्यामुळे जे दिसत होतं ते सरळ दिसत होतं. बारकी चांगली चालवत होती. ताईपेक्षा चांगली. दगडांवर तर कितीतरी. हे तिनं एकदा मनात म्हणून बघितलं.

झेंडा पडला. गाड्या एकेक करून आत आल्या. टीमची पोरं बारकीभोवती जमली, पाना ओशाळून हेल्मेट घ्यायला पुढं झाला. ताईशी कुणी बोललं नाही, आणि पुढं बरेच दिवस बोलणारही नव्हतं. ती गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेली. बारकीचं तोंड चिखलानं इतकं माखलं होतं की नुसते डोळे आणि दात दिसत होते.

"त्या दगडांच्या चढावर," ताईनं विचारलं, आणि प्रत्येक शब्द तिला आतून ओढून काढावा लागला, "तू ब्रेक कुठं सोडतेस?"

बारकी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा उजळला की ताईला मान खाली घालावी लागली.

"सोडत नाही," बारकी म्हणाली. "दाबतच नाही."

ताईच्या मनात पुन्हा तोच जुना मत्सर उठला, चांगला जोरात. ती चाकाशेजारी चिखलात मांडी घालून बसली.

"दाबतच नाहीस म्हणजे?" ती म्हणाली. "नीट सांग. पहिल्या दगडापासून सांग."